कुबेराचा मुलगा जयपुरात

जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये लोक ममी पाहायला येतात. रामनिवास बागेतल्या कबुतरांच्या थव्यातून वाट काढत आत शिरायचं आणि थेट तूतूच्या पेटीकडे धाव घ्यायची, असा तिथला रिवाज. ही इजिप्तमधल्या अखमीमची बाई, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. २०२०च्या ऑगस्टमध्ये जयपुरात पावसानं हाहाकार केला आणि संग्रहालयात पाणी भरलं, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी काच फोडून तिला उचललं आणि कोरड्या जागी नेलं. ही हकिकत ऐकून त्या माणसांना मनोमन हात जोडले. पण माझे पाय खिळले ते बाहेरच्या ओवऱ्यांत.

तिथल्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवलेली आहेत. काही ठिकाणी रामायण-महाभारत आहे. अकबरासाठी महाभारताचं फारसीत भाषांतर झालं, ‘रज्मनामा’. त्याची सचित्र पोथी जयपूरच्या राजघराण्याकडे आली, आणि तिच्यातली चित्रं इथे भिंतीवर मोठी करून उतरवली. इथवर नवल नाही. पण मान वर करून चालत राहावं तर पुढे इजिप्त येतं, बाबिलोन येतं, ग्रीस येतं, आणि चीनही येतो! गुलाबी शहराच्या मधोमध, राजस्थानी कमानींच्या सावलीत, भिंतीवर चीन. ज्यांनी तो रंगवला त्यांतल्या कितीजणांनी जयपूरची वेस ओलांडली असेल, कोण जाणे. तरी त्यांच्या कुंचल्याखाली जगातल्या जुन्या संस्कृती एका ओळीत येऊन बसल्या आहेत आणि बघणाऱ्याला जणू म्हणताहेत, या, ताडून बघा.

हा योगायोग नव्हता. इमारतीचा पाया १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते घातला गेला. महाराजा सवाई रामसिंग दुसरे यांच्या मनात इथे टाउन हॉल बांधायचा होता, पण ते १८८०मध्ये गेले. त्यांच्यामागून आलेल्या माधोसिंगांच्या काळात या वास्तूचं संग्रहालय झालं आणि १८८७मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आराखडा सॅम्युअल स्विंटन जेकब या इंग्रज अभियंत्याचा, तर आतल्या संग्रहामागचा ध्यास थॉमस हेंडली या डॉक्टराचा. हेंडली दवाखाना सांभाळून कलावस्तू जमवायचा. १८८३मध्ये जयपुरात जे मोठं प्रदर्शन भरलं, त्यामागेही तोच होता. त्याचा हेतू साधा आणि मोठा होता. जयपूरच्या कारागिरांना देशोदेशीचं उत्तम काम डोळ्यांनी पाहायला मिळावं, त्यातून त्यांनी शिकावं आणि आपलं काम आणखी चांगलं करावं. म्हणून इथे जयपुरी पितळेशेजारी परदेशी मातीकाम आहे, चीन आणि जपानची भांडी आहेत. हौशी लोकांनी यावं, बघावं, जावं, एवढ्यासाठी ही कपाटं भरलेली नव्हती. ती हात चालवणाऱ्यांसाठी होती.

चिनी भांड्यांच्या कपाटापुढे मी किती वेळ उभी होते ते पहारेकऱ्यालाच ठाऊक. तो दोनदा येऊन गेला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र वेगळाच चीन होता. माझी भाची अॅनिमेशन शिकते. तिनं आग्रह करकरून मला ‘नेझा’ दाखवला होता. पहिला भाग २०१९चा. दुसरा २०२५मध्ये ऐन चिनी नववर्षाच्या दिवशी आला आणि त्यानं जगभर दोन अब्ज डॉलरच्या वर कमाई केली. अॅनिमेशनपटांत आजवर कोणाला एवढं साधलं नव्हतं. दिग्दर्शक जियाओझी मूळचा सिचुआन प्रांताचा, औषधनिर्माणशास्त्र सोडून चित्रपटाकडे वळलेला. गोष्ट एका उपद्व्यापी मुलाची. त्याचा जन्मच अशुभ मानला गेलेला, म्हणून तो घराबाहेर पडू नये यासाठी भोवती मंत्राचं कुंपण घातलेलं. त्या कुंपणावर दोन विचित्र राखणदार आहेत. एकाचा चेहरा सोनेरी, एकाचा हिरवट ब्राँझचा, जबडे रुंद, डोळे बाहेर आलेले. थिएटरातली मुलं त्यांना पाहून खदखदून हसत होती. भाची माझ्या कानाशी कुजबुजली, “मावशी, हे खरे आहेत.”

खरेच आहेत. सिचुआनमध्ये ग्वांगहान शहराजवळ सान्शिंगद्वी नावाची जागा आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तिथे पाण्याचा चर खणताना एका शेतकऱ्याला जेडच्या वस्तू लागल्या. खरं घबाड हाती आलं ते १९८६ साली, विटांसाठी माती काढणाऱ्या मजुरांमुळे. दोन मोठे खड्डे निघाले, आत ब्राँझ, सोनं, जेड आणि हस्तिदंत ठासून भरलेलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हे सगळं आधी फोडलं, जाळलं आणि मग नीट रचून पुरलं. तिथला एक मुखवटा १३८ सेंटिमीटर रुंद आहे आणि त्याची बुबुळं तब्बल १६ सेंटिमीटर पुढे आलेली आहेत. चार मीटरच्या आसपास उंचीचा एक ब्राँझचा वृक्ष आहे, त्याच्या फांद्यांवर पक्षी बसलेले. बैठकीसह २.६ मीटर उंचीचा एक पुरुष उभा आहे. त्याचे पंजे अंगाच्या मानानं अवाढव्य आणि असे वळलेले की त्यांत काहीतरी धरलेलं असणार हे उघड दिसतं. ती वस्तू नाहीशी झाली, वळलेले हात उरले. या लोकांनी मागे एक ओळही लिहून ठेवलेली नाही. चिनी बखरींत एवढाच उल्लेख येतो की शू देशाच्या पहिल्या राजाचे डोळे पुढे आलेले होते. २०२०नंतर तिथे आणखी सहा खड्डे उकलले. चेंगदू शहरातल्या जिन्शा इथे २००१ साली सोन्याचा मुखवटा आणि सूर्यपक्ष्यांची पातळ चकती निघाली, तीही याच वंशावळीतली.

म्हणजे ‘नेझा’ घडवणाऱ्या चेंगदूच्या चित्रकारांनी दूरचं काही शोधलं नाही, आपल्या परसातलं उचललं. मला सगळ्यांत भावलं ते असं की त्यांनी तो मुखवटा शोभेला मांडला नाही. त्याला कामाला लावलं. दारावर उभं केलं, भूक दिली, भांडायला लावलं, झोपा काढायला लावलं. राजवाड्याच्या भिंतीवर एक प्राचीन मुखवटा टांगून ‘बघा आमचा वारसा’ म्हणता आलं असतं, आणि ते कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं. आता चीनमधलं पाच वर्षांचं मूल संग्रहालयात गेलं की त्या तीन हजार वर्षांच्या चेहऱ्याला ओळखतं. हेंडलीला अल्बर्ट हॉलमध्ये हवं होतं ते हेच नाही का?

पण जयपुरात मला धक्का बसला तो नेझाच्या कुळाचा विचार करताना. हा मुलगा चिनी नाही. निदान त्याची जन्मकुंडली चिनी नाही. तो आपल्या कुबेराचा मुलगा, नलकूबर.

आजीच्या मांडीवर ‘हरिविजय’ ऐकलेल्यांना नलकूबर सांगावा लागत नाही. कुबेराचे दोन मुलगे, नलकूबर आणि मणिग्रीव. मद्यात धुंद होऊन गंगेत अप्सरांबरोबर जलक्रीडा करत होते. नारद आले तरी भान नाही, अंगावर वस्त्र नाही. नारदांनी शाप दिला, वृक्ष व्हा. गोकुळात ते दोन अर्जुनवृक्ष होऊन उभे राहिले. पुढे यशोदेनं लोण्यापायी बाळकृष्णाला उखळीला बांधलं, त्यानं ती उखळ ओढत नेली, दोन्ही झाडांच्या मधून पलीकडे गेला, उखळ आडवी अडकली आणि झाडं कडकडून कोसळली. कुबेराचे मुलगे शापातून सुटले, हात जोडून उभे राहिले आणि निघून गेले. आपल्याकडे त्यांची गोष्ट इथे संपते.

चीनमध्ये ती इथून पुढे सुरू होते. कुबेर बौद्ध धर्माबरोबर वैश्रवण म्हणून निघाला. मध्य आशियात खोतानला त्याची मोठी पूजा होती. तांग राजवटीत तो सैन्याचा रक्षक झाला, हातात स्तूप घेतलेला, चिलखत घातलेला. आठव्या शतकात अमोघवज्र नावाच्या भिक्षूनं चिनी दरबारात त्याचे विधी रुजवले आणि त्या ग्रंथांत वैश्रवणाचा मुलगाही बापाबरोबर आला. पुढे लोकांनी बापाला तांग काळातल्या ली जिंग नावाच्या सेनापतीशी जोडून टाकलं. हातातला स्तूप मात्र सुटला नाही, आजही चिनी देवळांत ली जिंगच्या तळहातावर तो दिसतो. मुलाचा झाला नेझा. मिंग काळात, सोळाव्या शतकाच्या आसपास लिहिल्या गेलेल्या देवांच्या महाकादंबरीत त्याचं चरित्र पुरं झालं. आईच्या पोटात साडेतीन वर्षं राहिलेला, जन्मतःच हातात कडं, मोठेपणी पायांखाली अग्निचक्रं, समुद्राच्या नागराजाच्या मुलाला मारणारा, आईबापांवर संकट येऊ नये म्हणून आपला देह त्यांना परत करणारा आणि मग कमळातून पुन्हा जन्मणारा. मेइर शहार या अभ्यासकानं २०१५मध्ये यावर आख्खा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की नेझामध्ये नलकूबर तर आहेच, पण त्याला सोडवणारा बाळकृष्णही मिसळलेला आहे. नागाला नमवणारं, मोठ्यांना न आवरणारं, अंगात देवाचं बळ असलेलं पोर! शाप देणारे नारद मागे राहिले, आणि मुक्त झालेला व मुक्त करणारा परदेशात एकाच देहात राहायला लागले.

हे डोक्यात घेऊन मी संध्याकाळी गोविंददेवजींच्या दर्शनाला गेले. हे देऊळ सिटी पॅलेसच्या आवारात, जयनिवास बागेत आहे. मूर्ती वृंदावनची. तिथलं तिचं लाल दगडाचं भव्य मंदिर आमेरच्या राजा मानसिंगानं १५९०मध्ये बांधलं होतं. औरंगजेबाच्या काळात ती तिथून हलली, मजल दरमजल करत आमेरच्या आश्रयाला आली आणि सवाई जयसिंगांनी नवं शहर वसवल्यावर इथे स्थिरावली. दिवसाला सात वेळा पडदा उघडतो. जयपूरकर ऑफिसच्या वेळा सांभाळून एखादी तरी झाँकी गाठतात. संध्याआरतीच्या वेळी ती गर्दी, ते ‘राधे राधे’, तो हजार हातांचा उठाव पाहताना मला सारखं वाटत राहिलं की याच देवानं सोडवलेलं एक पोर हिमालयापलीकडे जाऊन देव झालं, आणि आता चित्रपटाच्या पडद्यावरून जग फिरतं आहे. शेजारच्या बाईंना हे सांगण्याचा मोह मला आवरला नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ठाकुरजी की लीला है, बहनजी. जहाँ भेजें.” त्यांना नवल वाटलंच नाही. मला मात्र ते अजून पुरून उरतं आहे.

दुसऱ्या दिवशी चांदपोलकडे खजानेवालों का रास्ता गाठला. महाराष्ट्रातल्या शेकडो देवळांतल्या संगमरवरी मूर्तींचं हे माहेर. रामलक्ष्मण, विठोबा, साईबाबा, दत्त, सगळे इथे रस्त्याकडेला अर्धवट कोरलेले उभे असतात. पांढरी धूळ केसांवर, पापण्यांवर, चहाच्या पेल्यावर. यंत्राच्या पात्याचा आवाज थांबला की छिन्नीची टिकटिक ऐकू येते. एका दुकानात कालियामर्दन चालू होतं. बाळाचा पाय गुडघ्यापर्यंत नीट उतरला होता, पोटरीची गोलाई, घोट्यावरचं वळं, उचललेला अंगठा. त्याखालचा नाग मात्र अजून निव्वळ दगड. मी विचारलं, नाग कधी करणार? म्हातारे कारागीर छिन्नी बाजूला ठेवून म्हणाले, “बहनजी, पहले बालक. नाग पहले बन गया तो बालक उसके हिसाब से छोटा पड़ जाता है. नाग को बालक के हिसाब से झुकना चाहिए.” मग विचारलं कुठच्या. नाशिक म्हटल्यावर चेहरा उजळला. “नाशिक, पूना, कोल्हापुर, सब जगह हमारे भगवान गए हैं.”

नाशिकचं नाव निघालं आणि माझ्या मनात दोन सालं एकमेकांशेजारी येऊन बसली. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनीत त्यांनी ‘कालियामर्दन’ केला, तो १९१९मध्ये. बाळकृष्णाचं काम केलं त्यांच्या चिमुरड्या मुलीनं, मंदाकिनीनं. पाण्याखालचा नाग, त्याच्याशी झुंजणारं पोर, फण्यावरचं नृत्य, सगळं त्या काळच्या कॅमेऱ्याच्या करामतींनी उभं केलेलं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं हा मूकपट बऱ्यापैकी जपून ठेवला आहे. आणि ‘नेझा’ आला २०१९मध्ये. बरोबर शंभर वर्षं! नागाला नमवणारं एकच पोर आधी नाशिकच्या पडद्यावर आलं आणि शतकानंतर चेंगदूच्या. फाळकेही हाताखाली असलेल्या वस्तूंवरूनच कल्पना उभी करत. रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेला, शिळामुद्रण आणि छायाचित्रण शिकलेला हा माणूस देवादिकांची कापडं, दागिने, रथ कसे दिसावेत हे कागदावरच्या नि देवळातल्या मूर्तींकडे पाहून ठरवत होता. वाट तीच, चिनी पोरांनी ती संगणकावर चालून दाखवली.

चीनहून आलेली आणखी एक गोष्ट जयपुरात जागोजागी भेटते, निळा रंग. ब्लू पॉटरी म्हणून आपण घरी आणतो त्या वाट्या-बशा. निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं वेड चौदाव्या शतकात चीनमध्ये बहरलं. त्यासाठी लागणारं कोबाल्ट इराणातून जायचं. मग ती चिनी भांडी उलट दिशेनं इराणात आणि दिल्लीला आली. दिल्लीत तुघलकांच्या वाड्याच्या आवारात त्या काळच्या चिनी भांड्यांचे ढीगभर तुकडे सापडले आहेत. चिनी मातीचं रहस्य मात्र बाहेर कोणाला गवसेना. तेव्हा पश्चिम आशियातल्या कारागिरांनी चिकणमाती बाजूला ठेवून गारगोटीच्या पुडीतून तसंच पांढरं अंग घडवायची युक्ती वापरली. ती युक्ती फिरत फिरत जयपूरला पोचली. जयपुरात सांगतात की रामसिंग महाराज पतंगांचा सामना बघत होते. आग्रा-बयान्याकडून आलेले दोन कुंभार भाऊ दरबारी पतंगबाजांचे पतंग सटासट कापत होते, कारण मांज्याला त्यांनी आपल्या भांड्यांच्या काचेची पूड लावली होती. महाराजांनी त्यांना ठेवून घेतलं. पतंगाची गोष्ट लोकांनी रंगवली असेलही, पण भांड्याच्या अंगात खरोखरच काचेची पूड असते.

कोट जेवर गावात मी ते काम जवळून पाहिलं. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती, टाकणखार, डिंक आणि पाणी. हे सगळं मळून गोळा करतात आणि लाटून पोळीसारखा पसरट करतात. मग ती पोळी साच्यात दाबून बसवायची आणि आत बारीक राख ठासून भरायची. कारण हे अंग चिकणमातीसारखं स्वतःच्या बळावर उभं राहत नाही, राखेनं धरून ठेवावं लागतं. वाळलं की राख ओतून टाकायची, कडा घासायच्या, पांढरं अस्तर चढवायचं. नंतर खारीच्या केसांच्या कुंचल्यानं रेघ. एक तरुण मुलगी फुलाची पाकळी काढत होती. तिच्या वाटीतला रंग काळपट करडा, अजिबात निळा नाही. मी वाकून वाकून पाहिलं. ती हसली, “भट्टी के बाद देखिए.” कोबाल्टला निळेपण आगीत मिळतं. रंगवणारीला अख्खा दिवस करड्या रंगात काम करायचं आणि निळा मनात धरून ठेवायचा! एकच भाजणी, ८००-८५० अंशांच्या आसपास, आणि घाईनं भट्टी उघडली तर सगळं तडकतं. चिनी पोर्सिलीनला १३०० अंश लागतात, म्हणून त्याला नखानं टिचकी मारली की टणत्कार येतो. जयपुरीला येत नाही. पण मला तर वाटतं, ही नक्कल नाहीच. चीनचा निळा पाहून जयपूरनं आपलं दुसरंच काही घडवलं.

ही कला विसाव्या शतकात जवळपास संपली होती. ती वाचवली कृपालसिंह शेखावत यांनी. शांतिनिकेतनात आणि नंतर जपानात शिकलेले चित्रकार, १९७४ची पद्मश्री. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि राजमाता गायत्रीदेवींचं पाठबळ त्यांना होतं. भांड्यावरची नक्षी कशी असावी यासाठी त्यांनी जुनी भित्तिचित्रं, जुन्या पोथ्या धुंडाळल्या. पुन्हा तेच, जुन्या वस्तूला नवं काम!

आणि जंतरमंतर? तिथे तर मराठी माणसाचा ऊर भरून यावा. समोर २७ मीटर उंचीचं सम्राट यंत्र, त्याची सावली डोळ्यांदेखत सरकते, सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर. जयसिंगांच्या पदरी जे ज्योतिषी होते त्यांत जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित. त्यांनी राजाच्या इच्छेनं अरबी शिकून युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचं ज्योतिष संस्कृतात आणलं. ग्रीकांचं ज्ञान अरबांकडून, अरबांचं मराठी पंडिताकडून, आणि त्याचं दगडी रूप जयपुरात. या शहराला दूरचं आपलंसं करायची सवय पहिल्या दिवसापासून आहे.

म्हणूनच चित्रपटवाले इथे खेचले जात असावेत. आमेरच्या किल्ल्यावरून ‘जोधा अकबर’ची दुनिया उभी राहिली २००८मध्ये. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई, दोघेही मराठी. देसाईंनी कर्जतला आपल्या स्टुडिओत आग्रा आणि आमेर पुन्हा बांधला. कोरीव काम पाहून बांधणाऱ्या माणसाचा तो डोळा २०२३मध्ये मिटला, याचं दुःख मला आमेरच्या पायऱ्या चढताना झालं. पण इतिहास मांडणं वेगळं आणि इतिहासातल्या एखाद्या वस्तूला धरून अद्भुत रचणं वेगळं. ते धाडस आपल्याकडे फाळक्यांनी दाखवलं होतं.

गोष्ट रचण्याजोग्या अशा वस्तूंसाठी १९७४ साल घ्या. त्या वर्षी चीनमध्ये शीआनजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीचे सैनिक लागले, पहिल्या सम्राटाच्या थडग्याचं ते सैन्य. त्यावर किती गोष्टी रचल्या गेल्या! २००५चा जॅकी चॅनचा ‘द मिथ’ हा त्यांतलाच. त्यातला पुरातत्त्वज्ञ स्वप्नात त्या सम्राटाचा सेनापती होतो आणि थेट आपल्या भारतात येतो. मल्लिका शेरावत त्यात आहे, चित्रीकरण हंपीला झालं. त्याच १९७४ साली आपल्याकडे, प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना ब्राँझचा साठा लागला. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. सगळं मिळून साठेक किलो. रथ ४५ सेंटिमीटर लांब. त्यात एक माणूस उभा आहे, पुढच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे, आणि बैलांच्या शिंगांना असा बाक आहे की तो करणाऱ्यानं रोज बैल पाहिले होते यात शंका राहत नाही. चार हजार वर्षांच्या आसपासचं वय असावं. त्यांच्यावरही लिखित एक अक्षर नाही, सान्शिंगद्वीसारखंच. म्हणजे गोष्ट रचायला मोकळं रान.

मला त्या रथावर चित्रपट हवा आहे. मराठीत हवा आहे. प्रवरेच्या पात्रातून तो माणूस कुठे निघाला होता, गेंडा आणि रेडा त्याच्या मागे का आले, त्या कुत्र्यानं वाटेत कोणाला हुंगलं, हे कोणीतरी रचावं, आणि रचताना त्या बैलांच्या शिंगांचा बाक हलू देऊ नये. रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी परतीचं तिकीट मुद्दाम दिल्लीवरून काढलं आहे आणि भाचीला चित्रकलेची वही घेऊन तिकडे बोलावलं आहे. तिनं फोनवर पहिला प्रश्न विचारला, “मावशी, कुत्र्याचं तोंड पुढे आहे की मागे?”